खिजवणी

तुम्ही ऐकत होता. हे आधी कबूल करा, मग पुढचं बोलू.

"आमच्यापर्यंत काही आलंच नाही," ही तुमची जुनी सबब आता चालायची नाही. पूर्वी अर्ज गहाळ व्हायचे, फोन लागायचे नाहीत, साहेब दौऱ्यावर असायचे. आता तुम्ही गावोगाव कान पेरून ठेवलेत. कुणी कुठल्या फोटोखाली काय लिहिलं, लिहून काय पुसलं, बोलता बोलता कुणाचा आवाज कुठे अडकला, सगळं तुमच्याकडे आपोआप पोचतं. तळबंदरच्या बायका धक्क्यावर उभ्या राहिल्या त्या संध्याकाळीही तुम्ही ऐकत होता. ऐकून तुम्ही काय केलंत, ते खाली लिहिलं आहे.

दर्शना मेहेर तुमच्याच पगारावर होती. बेलापूरच्या खाडीकाठी जी काचेची इमारत आहे, तिच्या तिसऱ्या मजल्यावर ती कानाला हेडफोन लावून बसायची. हुद्दा 'बोलीभाषा सहायक'. काम असं, की यंत्राला किनाऱ्यावरच्या माणसांचं बोलणं उमगेनासं झालं की दर्शनाने ते ऐकायचं आणि सांगायचं. उशिरा घरी आलेल्या पोराला कोळीण म्हणते, "आलास मेल्या? तिकडंच मरायचंस!" त्या चढलेल्या आवाजाने यंत्र लगेच लाल व्हायचं. दर्शना 'माया' या खुणेवर बोट ठेवायची. यंत्र पुन्हा हिरवं. दिवसभर हेच. संध्याकाळपर्यंत कानांच्या पाळ्या दुखायच्या, आणि घरी नवरा काही बोलायला लागला की ती हात वर करून म्हणायची, "जरा थांब. आज माझ्यात जागा नाही."

यंत्राचं नाव 'जनश्रुती'. नावं ठेवण्यात तुमचा हात कोण धरणार!

जनश्रुतीचं एक मात्र मानायला हवं. शब्दांवर तिचा विश्वास नव्हता. माणसं शब्दांत खोटं बोलतात, "ठीक आहे", "चाललंय", "देवाची कृपा" असं काहीबाही लिहितात, हे ती पहिल्या वर्षातच शिकली होती. म्हणून ती शब्दांखालचं ऐकायची. भ्यालेल्या माणसाच्या घशातले स्नायू आवळतात आणि आवाज केसभर वर चढतो. दुःखी माणूस उत्तर द्यायला उशीर करतो. चिडलेल्याचं बोट काचेवर जोरात पडतं. हे जगात सगळीकडे सारखंच. फरक असतो तो लपवण्यात. कुठलं गाव मोठ्याने रडतं, कुठलं दात दाबून बसतं. म्हणून जनश्रुती प्रत्येक गावाचे जुने व्हिडिओ, जुनी बोलणी ऐकून त्या गावाचं एक शून्य ठरवायची, म्हणजे त्याचा रोजचा साधा दिवस. मग आजचा आवाज त्या शून्यापासून किती हलला ते मोजायची. त्या मापाला सगळे 'पारा' म्हणत. पाऱ्याच्या नळीवर एक लाल रेघ होती. पारा रेघेवर गेला की त्या गावाची फाइल आपोआप वर जायची. खाली असला की कुणी ढुंकून बघायचं नाही.

मुळात हे सगळं परदेशासाठी उभारलेलं. दुसऱ्या देशांतल्या लोकांच्या मनात आपल्याविषयी काय चाललंय ते ऐकायचं आणि त्यावर उतारा म्हणून गोड गोड गोष्टी त्यांच्या फोनवर सोडायच्या. पाककृती, गाणी, क्रिकेट, हसरी मुलं. मग तेच कान आपल्या गावांवरही लावले. हे सोडायचं काम वरच्या मजल्यावर चाले. खालच्या मजल्यावर कान, वरच्या मजल्यावर तोंड. "मग मेंदू कुठल्या मजल्यावर?" असं कॅन्टीनमध्ये सगळे विचारायचे आणि चहा संपवून आपापल्या खुर्चीवर जाऊन बसायचे.

समुद्रापलीकडच्या देशाने तरी मागे का राहावं? त्यांनीही तसंच यंत्र आणलं. बहुधा एकाच दुकानातून. आपण त्यांच्या लोकांचं ऐकायचं, त्यांनी आपल्या लोकांचं, आणि दोघांनी मिळून आपापल्या लोकांशी बोलायचं टाळायचं, असा तो शेजारधर्म होता.

त्यात 'धनसमृद्धी' वाहून गेली.

'धनसमृद्धी' ही तळबंदरची बोट. इंजिन बंद पडलं, प्रवाहाच्या ओढीने ती वाहत वाहत पाण्यावरच्या त्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडे गेली, आणि पलीकडच्या गस्तीच्या बोटीने खलाशांसकट धरून नेली. पलीकडच्यांनी एक फोटो टाकला. माना खाली घालून उकिडवे बसलेले खलाशी. त्यांतला कडेचा, निळ्या बनियनमधला, दर्शनाचा धाकटा भाऊ भूपेश. त्यानंतर पलीकडून एक अक्षर नाही.

भूपेशला लहानपणापासून फिट यायची. गोळी रोज घ्यावी लागे. बोटीवर जाताना डबी कमरेच्या पिशवीत असायची, पण ती किती पुरणार? आणि धरून नेलेल्याची पिशवी त्याच्याकडे राहते होय?

दर्शना तिसऱ्या मजल्याच्या प्रमुखाकडे गेली. अभिजित कर्णिक. वाईट माणूस नव्हता, हे सांगायला हवं, नाही तर तुम्ही सगळं त्याच्यावर ढकलून मोकळे व्हाल. पन्नाशीचा, जेवणाआधी आणि नंतर पित्ताच्या गोळ्या चघळणारा, कुणाच्या डोळ्यांत न बघता बोलणारा. त्याने पडद्यावर तळबंदर काढलं. पारा तळाशी, झोपलेला.

"तुझं गाव तर मजेत आहे," तो म्हणाला.

"माणसं धरून नेलीत साहेब."

"ते मला माहीत आहे गं. पण हे बघ ना. वरच्या मजल्याने तर तुमचा व्हिडिओ उचललाय. अजून बघितला नाहीस?"

तिने बघितला नव्हता. त्याने लावला.

तळबंदरचा धक्का. मावळतीचं ऊन. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, केसांत अबोलीचे गजरे माळून रांगेत उभ्या. मध्यभागी दर्शनाची आय, कमरेवर हात ठेवून समुद्राकडे तोंड करून ओरडतेय, "अरे ए भूप्या! तिकडची कोण गोरी भेटली काय रे? आमचा भात आता तुला घशाखाली उतरंल काय?" आणि बाजूची रेखामावशी, जिचा नवरा त्याच बोटीवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारा होता, टाळी देऊन म्हणतेय, "आमच्या म्हाताऱ्याला ठेवून घ्या बाय! घोरतो लय! मी तीस वरसां ऐकलां, आता तुमी ऐका!" सगळ्या खदाखदा हसतायत. मागे वरच्या मजल्याने जोडलेला ढोल. खाली आपल्या भाषेत आणि पलीकडच्या भाषेत ओळ: 'आमचा हसरा किनारा'. दोन्ही देशांत लाखोंनी बघितलेला.

दर्शनाने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"साहेब, ही खिजवणी आहे."

"म्हणजे?"

काय सांगणार? तरी तिने सांगितलं. तळबंदरमध्ये बोट वेळेवर आली नाही तर रडायचं नसतं. दर्या ऐकतो. कुठल्या माणसावर आपला जीव आहे हे दर्याला कळलं, की तो तेच माणूस ठेवून घेतो. म्हणून बायकांनी नटायचं, धक्क्यावर जायचं, आणि हरवलेल्या माणसाला मोठ्याने खिजवायचं. ठेवून घे बाबा, आम्हाला नको तो, घोरतो, खादाड आहे, कामाचा नाही. म्हणजे दर्या कंटाळून त्याला परत टाकून देतो. दर्शनाच्या पणजीने खिजवलं होतं, आजीने खिजवलं होतं. फोन आले तशी खिजवणी फोनवरही गेली. दर्या हल्ली फोनमधूनही ऐकत असेल, कुणी सांगावं?

"म्हणजे हे हसणं..."

"भीती आहे साहेब. जितक्या घाबरतात तितक्या जोरात हसतात."

"पण यंत्राने घशाचा ताण वगैरे सगळं मोजलेलं असतं. तुमच्या गावाच्या शून्याशी पडताळून."

"शून्य कशावरून ठरवलं?"

"तुमच्याच जुन्या व्हिडिओंवरून."

दर्शनाला हसू आलं. कडू, पण हसूच. "साहेब, आमच्या बायका खिजवणीशिवाय दुसरं काही टाकतच नाहीत. बोट वेळेवर आली तर धक्क्यावर नाचायला वेळ कुणाला आहे? मासे निवडायचे असतात. तुम्ही आमची भीती घेतलीत आणि तिलाच शून्य म्हणालात. आता आम्ही कितीही भ्यालो तरी पारा हलायचा कसा?"

कर्णिकने गोळीचं पाकीट उलटं करून बघितलं. रिकामं होतं.

"शून्य बदलायचं तर वर लिहावं लागतं. समिती बसते. वर्ष जाईल." त्याने आवाज खाली केला. "आणि एक सांगू? पलीकडचेही हाच व्हिडिओ ऐकतायत. त्यांचं यंत्र म्हणत असेल, यांना आपली माणसं नकोच आहेत. मग ते कशाला हलतील? लाल रेघ ओलांडली ना, की फाइल आपोआप वर जाते. मलाही हात लावावा लागत नाही."

"म्हणजे काय करू?"

"रडू देत की जरा," कर्णिक खिडकीकडे बघत म्हणाला. "एकदाच."

तळबंदरला एसटी गावाबाहेर सोडते. तिथून पुढे चालत जायचं, दोन्ही बाजूंना बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले. दर्शना घरी पोचली तेव्हा आय ओट्यावर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसली होती आणि रेखामावशी शेजारी नुसतीच बसली होती, ज्याला गावात सोबत म्हणतात.

"आली बघ सरकारबाई," रेखामावशी म्हणाली. "काय गो, तुमच्या साहेबानं आमचा नाच जगाला दाखवला म्हणं? पैशे नाय दिले नाचाचे."

"मावशे, थट्टा नको गो आज."

"आज नाय तर कवा? माजा नवरा तिकडं, आणि मी इकडं तोंड पाडून बसू?"

दर्शनाने सांगितलं. यंत्र, पारा, लाल रेघ. जेवढं जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. आय करंदीवरून मान वर न करता ऐकत राहिली.

"म्हणजे आमी रडायचां," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"धक्क्यावर."

"हो, आय."

"तुला शाळा शिकवली ती चुकलां," आय म्हणाली आणि पुढची करंदी उचलली.

"आय, दर्या नाय आता ऐकत. यंत्र ऐकतंय."

"मंग त्याला सांग, कान धू. आमी हसतो तां त्याला हसणां वाटतां?" करंदीचं डोकं ताटलीत पडलं. "जी रडली तिनं माणूस दर्याला दिला गो. माज्या सासूनं एकदा डोळ्याला पदर लावला, आणि तुजा मोठा काका आला नाय. तुला ठाऊक हाय."

"तेव्हा वादळ होतं, आय."

"मंग आता काय हाय?"

रेखामावशी उठून आत गेली आणि उगाच हंडा हलवून आली.

मग दर्शना ते बोलली जे तिला बोलायचं नव्हतं. "त्याच्या गोळ्या संपल्या असतील."

आयचे हात थांबले. फिट आली की भूपेशच्या दातांमध्ये चमचा घालू नये, कुशीवर वळवावं, हे गावात सगळ्यांत आधी तिला डॉक्टरने शिकवलं होतं. तिथे, पलीकडे, त्याला कुशीवर कोण वळवणार होतं? ती उठली. हात धुऊन आत गेली आणि साडी बदलून बाहेर आली. केसांत गजरा होता.

धक्क्यावर नेहमीसारख्या बायका जमल्या. दर्शनाने फोन धरला. खिजवणी आयनेच सुरू करायची असा आता रिवाजच पडला होता. तिने कमरेवर हात ठेवले, समुद्राकडे तोंड केलं, "अरे ए भूप्या," म्हणाली, आणि पुढचा शब्द आलाच नाही. ती खाली बसली. मग जो आवाज निघाला तो तळबंदरच्या धक्क्याने कधी ऐकला नव्हता. जनावर अडकल्यावर ओरडतं तसा. "माजा पोर! माज्या पोराला आणा गो कुणी! त्याला कुशीवर वळवा!"

बायका मागे सरल्या. एकीनेही तिला धरलं नाही. खिजवणीत रडणाऱ्या बाईला कुणी हात लावत नाही. रेखामावशी तेवढी पुढे आली, वाकली, आणि आयच्या केसांतला गजरा काढून घेतला. असंच करायचं असतं. जिने माणूस दिला, तिला मग नटायचं कारण उरत नाही.

"दिलास त्याला?" रेखामावशीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

दर्शनाने व्हिडिओ टाकला. अंगठा एकदा दाबायचा असतो, बस.

पारा दुसऱ्या दिवशी लाल रेघेवर गेला. नुसता गेला नाही, उसळला. तळबंदरचं रडणं जनश्रुतीने आधी कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे पारा नळीच्या शेवटच्या टोकाला जाऊन थरथरत राहिला. कर्णिक स्वतः तिच्या टेबलापाशी आला. "फाइल वर गेली," म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघितलं.

दर्शना वाट बघू लागली. वर म्हणजे कुठे, हे कुणी कुणाला विचारत नसे. वर.

आठवडा उलटला नसेल. सकाळी तळबंदरच्या सगळ्या फोनांवर एकदमच व्हिडिओ आले. रेखामावशीच्या फोनवर तिचा नवरा. आयच्या फोनवर भूपेश. फिकट भिंतीसमोर, स्वच्छ शर्टात. "आय, मी बरा आहे. इथे सगळे आमची नीट काळजी घेतायत. गोळ्या वेळेवर मिळतात. तुझी खूप आठवण येते. तू रडू नकोस. मी लवकरच येईन."

दर्शनाने तो ऑफिसात ऐकला. एकदा ऐकला, मग डोळे मिटून पुन्हा ऐकला. तिचा धंदाच तो. भूपेश वाक्य पुरं होण्याआधी श्वास घ्यायचा, मध्येच, शब्द तोडून. घाईघाईत बोलायची त्याची खोड. हा भूपेश प्रत्येक वाक्य संपवून, बातम्या देणाऱ्या माणसासारखा, सावकाश श्वास घेत होता.

पडद्यावर तळबंदरचा पारा उतरत होता. तासाभरात रेघेखाली. दुपारी तळाशी.

ती कर्णिकच्या खोलीत दार न वाजवता गेली.

"तो भूपेश नाही."

कर्णिकने नवं पाकीट फोडून एक गोळी तोंडात टाकली. म्हणजे त्याला ठाऊक होतं, किंवा त्याने ठाऊक करून घेतलं नव्हतं. तुमच्या इमारतीत या दोन्हींचा पगार सारखाच मिळतो.

"वर फाइल गेली त्यावर काय शेरा होता?" तिने विचारलं.

"पारा उतरवावा."

"बस? एवढंच?"

"एवढंच असतं. मग यंत्र मार्ग काढतं. एक मार्ग म्हणजे पलीकडच्यांशी बोलणं. त्यांना बदल्यात काहीतरी हवं असतं, त्यात इथल्या दहा लोकांचा मान दुखावतो, निवडणूक असते. दुसरा मार्ग..." त्याने फोनकडे बोट केलं. "हा स्वस्त पडतो. वरच्या मजल्याकडे खलाशांचे जुने व्हिडिओ आहेत, आवाज आहेत. यंत्राने काही वावगं केलं नाही गं. त्याला पारा उतरवायला सांगितलं होतं. माणसं सोडवून आणायला कुणी सांगितलंच नाही."

"मग आता फाइल?"

"बंद. पारा खाली आला की आपोआप बंद होते."

"तो जिवंत आहे का?"

"मला माहीत नाही."

"साहेब..."

"खरंच माहीत नाही, दर्शना. आपल्याला ऐकायला ठेवलंय. विचारायला नाही." त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "तुझी आई आज जेवली का?"

जेवली होती. सकाळी शेजारच्या मुलीने फोन करून सांगितलं होतं, आजी भात खातेय.

"मग," कर्णिक म्हणाला. "असू दे ना."

असू दे. एसटीत बसल्यावर सगळी वाट दर्शना हेच घोळवत होती. नाही सांगितलं तर काय बिघडणार? आय जेवतेय. गावाला झोप लागतेय. सांगितलं तर नोकरी जाणार, आणि नुसती नोकरी नाही, वर सरकारी गुपित फोडल्याचं लचांड मागे लागणार. शिवाय सांगून भूपेश थोडाच येणार होता? ती दमली होती. माणूस दमला की त्याला खोटंसुद्धा उशीसारखं वाटायला लागतं, आणि तुमचा सगळा कारभार माणसांच्या याच दमण्यावर चाललाय.

गावात सणासारखं होतं. रेखामावशीने दारातच तिच्या तोंडात पेढा कोंबला. "बघितलास काय माजा म्हातारा? शर्ट काय झकास घातलाय! तिकडं जाऊन शाणा झाला बाय, मला म्हणतो, 'तुझी काळजी वाटते.' तीस वरसांत पयल्यांदा!" आणि ती हसली, खरंखुरं, खिजवणीचं नव्हे.

दर्शनाने पेढा गिळला.

आय ओट्यावर होती. पुढ्यात फोन पालथा पडलेला.

"जेवलीस म्हणे," दर्शना म्हणाली.

"जेवले. अंगात जोर पायजे." आयने तिच्याकडे बघितलं. "ह्यां तू बनवलांस?"

"काय?"

"ह्यो पोर."

"नाही आय. मी नाही." मग तिला ते अर्धंच वाटलं. "पण ज्या घरात बनवला त्याच घरात मी बसते."

"मला वाटलांच." आयने फोन उलटा केला, पुन्हा पालथा घातला. "इतके दिवस मी त्याला धक्क्यावरून शिव्या घालते. खादाड म्हनले, आळशी म्हनले, तिकडच्या बाईला बांदला. आणि तो मला म्हनतो, 'आय, तुझी खूप आठवण येते'? माजा पोर असता तर पयलां म्हनला असता, 'म्हातारे, गप ऱ्हा, तुजा आवाज इकडं आयकू येतो!' गोड बोलला तवाच मला कळलां. माजा पोर नाय ह्यो."

रेखामावशी दारात उभी होती. ती कधी आली ते दोघींनाही कळलं नाही.

"काय बोलतंस गो?" तिच्या हातात अजून पेढ्यांचा खोका होता. "काय बोलतंस? तुजा तू रडून घालवलास. आता माजा कशाला घालवतंस?"

"रेखे..."

"माजा बरा हाय! शर्ट घातलाय त्यानं!" तिने दर्शनाकडे बघितलं. दर्शनाने मान खाली घातली नसती तर कदाचित निभावलं असतं. पण तिने ती घातली. तेवढ्याने नोकरी गेली, गुपित फुटलं, सगळं झालं. रेखामावशी खोका तिथेच टाकून निघून गेली. पेढे ओट्यावर सांडले आणि मांजराने त्यांतला एक पळवला.

संध्याकाळी आय उठली. ठेवणीतली साडी नेसली.

"कुठे?" दर्शनाने विचारलं.

"धक्क्यावर."

"आय, तू रडलीस. आता तुला खिजवता येत नाही. तूच सांगतेस ना?"

"भूप्याला नाय येत," आय म्हणाली. "पन ज्यो कोण आयकतो, त्याला खिजवायला मला कोण अडवतां? तुजा फोन घे."

धक्क्यावर कुणी नव्हतं. माणसं बरी आहेत म्हटल्यावर खिजवायचं कशाला? रिकाम्या धक्क्यावर आय एकटी उभी राहिली, केसांत फूल नाही, कमरेवर हात. या खेपेला तोंड समुद्राकडे नव्हतं, फोनकडे होतं. दर्शनाने दोन्ही हातांनी फोन धरला.

"अरे ए कानवाल्या!" आय ओरडली. "एवढे कान घेऊन बसलास, तोंड काय बाजारात इकलांस? माजा पोर बनवतोस? बनवायचाच हुता तर धड तरी बनवायचा! गोड बोलायला लावलांस माज्या पोराला! मेल्या, एवढी बदनामी त्याची गावात कुणी नाय केली! शिव्या येत नसतील तर मला इचारायचां हुतां, मी फुकट शिकवल्या असत्या!"

मागून कुणीतरी हसलं. अनिच्छेने, नाकातून फुटलेलं हसू. रेखामावशी होती. धक्क्याच्या टोकाशी, डोळे सुजलेले, पुढे येत नव्हती आणि परतही जात नव्हती.

"आणि ए," आय म्हणाली, तिच्याकडे न बघता, "हिच्या म्हाताऱ्याला तू 'काळजी वाटते' म्हनायला लावलांस! अरे तो घोरतो! घोरायला लावायचास! तवा तरी हिनं ओळखला असता!"

रेखामावशी हसली, आणि हसता हसता तिने पदर तोंडात कोंबला, कारण तिला रडायचं नव्हतं. तिचा अजून गेलेला नव्हता. ती तशीच चालत आली आणि आयच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग तिने स्वतः कमरेवर हात ठेवले.

त्या संध्याकाळी दोन बायका अंधार पडेपर्यंत तुम्हाला खिजवत होत्या. दर्शनाने ते सगळं टाकलं. सोमवारी तिच्या पासाने इमारतीचं दार उघडलं नाही. पहारेकऱ्याने यंत्रावर तो पुन्हा पुन्हा लावून बघितला आणि म्हणाला, "बाई, तुमचं वरून बंद झालंय." ती परत फिरली.

तिला एवढं मात्र नक्की माहीत आहे, की त्या व्हिडिओने पारा हलला नसेल. चढा आवाज, हशा, टाळ्या, सगळं जुन्या शून्याला जुळतं. तुमच्या पडद्यावर नोंद पडली असेल: तळबंदर, आनंदी. वरच्या मजल्याने ढोल जोडायला घेतला असेल.

आणि शब्द तर तुमचं यंत्र ऐकतच नाही. म्हणून ते इथे कागदावर छापले आहेत, हसू नाही, रडू नाही, घशाचा ताण नाही, मोजण्यासारखं काहीच नाही, फक्त वाचता येतील असे. तळबंदरचा भूपेश मेहेर, 'धनसमृद्धी' बोटीवरचा खलाशी, ज्याला फिट आली की कुशीवर वळवावं लागतं, तो जिवंत आहे का?

पारा किती आहे ते सांगू नका. हो की नाही, ते सांगा.